राचप्पा तिकडं गातो

सोलापूर
१२ जून १९७६

चि. राचप्पा,

आशीर्वाद आहेतच. खुशाली विचारायला हे पत्र नाही.

तुझं पत्र दुकानात मिळालं ते बरं झालं. घरी आलं असतं तर तुझ्या अव्वानं शेजारणीकडून ते वाचून घेतलं असतं. संध्याकाळी मीच तिला वाचून दाखवलं. हवा मानवली, थंडीचा कोट घेतला, भात करता येतो, एवढं वाचलं. मधली दोन पानं गाळली. ती म्हणाली, "येवढंच? पाकीट तर लई जड हाय." मी म्हणालो, परदेशी कागद जाड असतो.

तर तू कॉलेज सोडलंस. हॉटेलात ताटं धुतोस आणि शनिवारी त्याच हॉटेलात गिटार घेऊन गातोस. खोलीतला दोस्त टेनेसी नावाच्या डोंगरी मुलखातला, त्याच्या रेडिओवर ही गाणी ऐकलीस आणि झोप उडाली, असं लिहितोस. तिकडं नव्या तऱ्हेचे गवई निघालेत, दाढ्या वाढवलेले, स्वतःचं गाणं स्वतः रचणारे. आपलं घर, आपला बाप, आपल्या हातून झालेल्या चुका, सगळं नावगावासकट गातात. वाचून मला कळेना की हसावं का काय करावं. चुका माणूस झाकतो, राचप्पा. पेठेत उभं राहून सांगत नाही. आणि गाण्याचं म्हणशील तर आपण ऐकणारी माणसं आहोत. जंगमाला बोलवावं, त्यानं गावं, आपण मान डोलवावी आणि शिधा द्यावा. आपल्या घराण्यात शिधा घेणारा कुणी झाला नाही.

मार्केट यार्डात सगळ्यांना सांगून ठेवलंय की डिसेंबरात तू टेक्स्टाईल इंजिनिअर होतोस. दुकानात येणारा प्रत्येक माणूस विचारतो आणि मी प्रत्येकाला सांगतो. माझ्या शब्दाला या यार्डात काय किंमत आहे ते तुला माहीत आहे. कॉलेजात परत जा. साहेबाचे पाय धरायला लागले तरी धर.

आणि असली पत्रं घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस.

तुझा
अप्पा


सोलापूर
१२ ऑगस्ट १९७६

चि. राचप्पा,

तुझं पत्र नाही. तुझ्या पुण्याच्या दोस्तानं येताना आणलेली कॅसेट मात्र रजिस्टरनं पोचली. मी ती दुकानात कपाटात टाकली होती. ऐकायची नाही असंच ठरवलं होतं.

आधी महत्त्वाचं. अक्कलकोटच्या गुरुबसप्पांची मुलगी रुद्राणी सांगून आलीय. त्यांचं कापडाचं दुकान आहे, माणसं आपल्या तोलाची. मुलगी इथं निंगव्वाकडं, म्हणजे तिच्या आत्याकडं राहून बी.ए. करते, इंग्लिश विषय घेऊन. तुझा कोटातला फोटो त्यांना पसंत आहे. दसऱ्याला बोलणी पक्की करून सुपारी फोडायची, तू आलास की लग्न. त्यांनी विचारलं, शिक्षण कुठवर आलं. मी म्हणालो, संपत आलंय. एका अर्थी ते खरंच आहे.

कॅसेटचं असं झालं. आपला माल वाहणारे हाशमभाई आहेत ना, त्यांच्या मेव्हण्यानं कुवेतहून टेपरेकॉर्डर आणलाय. बोलता बोलता मी म्हणालो की माझ्याकडं पण एक कॅसेट आलीय. मग काय, दुसऱ्या दिवशी ते यंत्र घेऊनच आले. पोत्यांवर बसून ऐकली. पहिल्या बाजूला ते तुझे दाढीवाले. मला वाटलं यंत्र बिघडलं. माणूस नाकातून गातो, आवाजाला मेहनत नाही, झोपेतून उठून तसाच बसल्यासारखा. हाशमभाई म्हणाले, "सेठ, ये गारा कां है, ये तो रोरा है." हमाल हसले. मीही हसलो.

मग त्यांनी बाजू पालटली आणि तुझा आवाज आला. मी यंत्र बंद करायला सांगितलं. हमाल समोर होते. ते गेल्यावर पुन्हा लावलं. शब्द कळले नाहीत. दोनदा सोलापूर ऐकू आलं आणि तीनदा अप्पा.

गाणं तू गंमत म्हणून कॉलेजात शिकलास, असं अव्वाला सांगितलंय. तिनं कॅसेट ऐकायचा हट्ट धरला आहे. म्हणते, "पोरगं तितनं अप्पा म्हणून हाक मारतंय. काय म्हणतंय ते कळाय नको व्हय?"

अप्पा


सोलापूर
२५ ऑगस्ट १९७६

चि. राचप्पा,

शेवटच्या श्रावणी सोमवारी रुद्राणी जेवायला आली होती. अव्वानंच निंगव्वाबरोबर बोलावलं. हाशमभाईंनी टेपरेकॉर्डर घरी आणून ठेवला होता. जेवण झाल्यावर मुलीनं गाणी ऐकून मराठीत सांगितली. यंत्र थोडं चालवायची, थांबवायची, सांगायची. हुशार आहे.

त्या नाकातल्या गवयाचं पहिलं गाणं काय आहे ते मला त्या दिवशी कळलं. त्याच्या बापाचं गाव धरणाखाली गेलंय. तो होडीतून तिथं जातो आणि पाण्यावर बोट ठेवून सांगतो, इथं आमचा दरवाजा, इथं म्हैस बांधायचो, इथं आईनं मला चपलेनं मारलं. एवढंच गाणं. त्याला तान नको की आलाप नको. गाणं संपल्यावर मी रुद्राणीला म्हणालो, पुन्हा लाव. कळत नव्हतं तेव्हा जो रडका वाटत होता तोच आवाज, राचप्पा. पण आता वाटलं, यानं आवाज चढवला असता तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. करमाळ्याकडचे आपले शेतकरी उजनीच्या धरणाचं बोलतात तेव्हा असेच खालमानेनं बोलतात.

दुसरं एका बाईचं होतं. ती गिरणीत सूत कातते आणि नवरा दारू पिऊन पडलेला असतो. ती त्याला शिव्या देत नाही, फक्त त्याचे बूट काढून ठेवते. अव्वा म्हणाली, "ही बाई सोलापुरातलीच हाय की."

तुझ्या गाण्याबद्दल पुढं कधीतरी लिहीन. बाकी ठीक. यार्डात मुगाची आवक सुरू झाली आहे, वेळ मिळत नाही.

अप्पा


सोलापूर
२ ऑक्टोबर १९७६

चि. राचप्पा,

अक्कलकोटचं स्थळ मोडलं. मुलगी नको म्हणाली. काय कारण आहे ते त्यांनाच माहीत. गुरुबसप्पा स्वतः दुकानात येऊन सांगून गेले. आपल्याला स्थळांचा तोटा नाही.

अव्वाची तब्येत बरी आहे. सध्या माझ्याशी कमी बोलते.

अप्पा


सोलापूर
१४ ऑक्टोबर १९७६

राचप्पा,

मागची दोन पत्रं फाडून टाक. त्यात खोटं थोडंच होतं, पण खरं सगळं नव्हतं. आज सगळं लिहितो.

त्या सोमवारी रुद्राणीनं पहिली बाजू सांगून झाल्यावर तुझं गाणं लावलं. निंगव्वा पुरणपोळी खाऊन आत पडली होती. खोलीत आम्ही तिघंच. अव्वा पदर सावरून यंत्राच्या अगदी जवळ सरकली. मुलीनं पहिलं कडवं ऐकलं आणि यंत्र थांबवलं. अव्वा म्हणाली, "सांग की गं." मग तिनं सांगितलं. वर न बघता, एकेक ओळ, वर्गात धडा वाचावा तसं सांगितलं.

सोलापूर नावाच्या गावात माझा बाप धान्याच्या पोत्यांमध्ये बसतो. त्यानं कधी वजनात खोटं केलं नाही, मापात केलं नाही. आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की माझा मुलगा इंजिनिअर. मी तर इथं लोकांची उष्टी ताटं धुतो. अप्पा, तुम्ही जन्मात पहिल्यांदा खोटं बोललात, ते माझ्यापायी. तुमचं पहिलं खोटं म्हणजे मी.

तुझं गाणं कळलं की झालं, एवढंच मला वाटत होतं. गाण्यात असं काही असेल हे मनातही आलं नाही. गाणं म्हणजे देवाचं, नाहीतर बाईचं, एवढंच मी समजत होतो. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी यंत्र आपटलं असतं. तू तर माझी बाजू घेऊन गात होतास. आणि ते मला कुणाच्या तोंडून ऐकायला लागावं, तर ज्या पोरीच्या घरी मी तेच खोटं सांगून आलो तिच्या.

अव्वानं विचारलं, "म्हंजी राचू इंजिनेर न्हाय?"

रुद्राणी माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं असेल की आता हा माणूस बोलेल. मी म्हणालो, "गाण्यात काय, काहीपण म्हणतात."

अव्वा उठून आत गेली. भांडी वाजली नाहीत की काही नाही. मी तिथंच बसलो होतो. रुद्राणीनं कॅसेट काढून डबीत घातली. जाताना उंबऱ्यात थांबून हळू आवाजात म्हणाली, "मामा, बाबांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. तुमच्या तोंडून गेलेलं बरं." मी सांगतो म्हणालो. ती म्हणाली, "मला हॉटेलातल्या नोकरीचं काही वाटत नाही. पण घरी खरं कळून मग ठरवू दे की मला."

मी सांगितलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. मुगाची आवक झाली, मग उडदाची झाली. खरं म्हणजे अक्कलकोटची बस दर तासाला सुटते. मला वाटायचं, दसऱ्यापर्यंत तू कॉलेजात परत गेल्याचं पत्र येईल आणि माझं बोलणं आपोआप खरं होईल.

दसरा आठवड्यावर आला तेव्हा त्या मुलीनं घरी सांगितलं की मला लग्न करायचं नाही. कारण विचारलं तर गप्प. माझं नाव घेतलं नाही, तुझंही घेतलं नाही.

गुरुबसप्पा सकाळच्या बसनं दुकानात आले. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस. गादीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "अण्णा, पोरीनं मान खाली घालाय लावली. कारण इचारलं तर भिताडाकडं बघती. कॉलेजात घातली हे माजं चुकलं. आता काढली तिला, घरी बसवलीय. तुमच्यासारक्या मानसाच्या घरी शब्द दिला आन् फिरवला. माफी करा."

हाशमभाई होते, दोन हमाल होते, सगळे बघत होते.

मी काय म्हणालो ते तुला लिहायलाच हवं. मी म्हणालो, "असू द्या. पोरींची जातच तशी." आणि त्यांना चहा मागवला. ते चहा प्यायले, मला नमस्कार करून गेले. त्यांच्या मागं हाशमभाई म्हणाले, "सेठ, तुमारा जिगर बडा है." मी तेही ऐकून घेतलं.

त्यानंतर घरी अव्वा वाढायची आणि निघून जायची. एकदा एवढंच म्हणाली, "माज्यापासून झाकलं त्याचं मी बघून घीन. पर त्या लेकराचं शिक्षान तुमी मोडलं." तिला हे निंगव्वाकडून कळलं होतं. निंगव्वाला कारण माहीत नव्हतं, हिला माहीत होतं.

काल अक्कलकोटला गेलो. स्वामींच्या मठाकडं न जाता सरळ पेठेत गेलो. गुरुबसप्पा एका बाईला खण फाडून देत होते, आणखी एक गिऱ्हाईक बसलं होतं. मी म्हणालो, जरा आत येता का, बोलायचं आहे. ते म्हणाले, "हितंच बोला की अण्णा. गिऱ्हाईक हाय." मला वाटलं होतं, आत, चटईवर, दार लोटून सांगेन. तसं झालं नाही. त्या दोन परक्या माणसांसमोर उभ्यानं सांगितलं. मुलगा इंजिनिअर नाही. कॉलेज सोडून गातो. मला जूनपासून माहीत होतं. तुमच्या मुलीला श्रावणात कळलं. तिनं मला सांगायची संधी दिली, मी ती घेतली नाही. तिनं स्वतःवर घेतलं.

त्यांनी खणाची नीट घडी घातली. बाईला दिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी तुमच्या दुकानात टोपी काढली हुती."

"हो."

"तवा तुमी काय म्हणलात ते ध्यानात हाय?"

"आहे."

"मग जावा."

मी उतरलो. दुकानाला लागूनच त्यांचं घर आहे. बोळाच्या तोंडाशी रुद्राणी उभी होती, तिनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. वाळली आहे. मी हात जोडले. तिनं माझे हात खाली करायला लावले, आपल्या घरासमोर तमाशा नको म्हणून असेल. म्हणाली, "काका, त्यांना कळवा, गाणं चांगलं आहे. पहिल्या खोट्याचं कडवं तर फारच. पण पुढं या सगळ्याचं गाणं केलं तर माझं नाव घालू नका म्हणावं."

आधी मला सासऱ्याला म्हणावं तसं मामा म्हणायची. आता काका म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तुझी आठवण आली. तू दर शनिवारी हे कसं करतोस मला माहीत नाही. अनोळखी माणसांसमोर उभं राहून स्वतःचं सांगायचं, ताल सोडायचा नाही आणि पळून जायचं नाही. मी याला शिधा मागणं म्हणालो होतो. तसं पुन्हा म्हणणार नाही. तू गात जा. डिसेंबर येऊ दे नाहीतर जाऊ दे.

तुझा
अप्पा


सोलापूर
१६ नोव्हेंबर १९७६

चि. राचप्पा,

तुझं पत्र परवा आलं. तारीख बघितली तर ५ ऑक्टोबरची. म्हणजे माझं मागचं पत्र निघायच्या आधीच तू हे टाकलं होतंस. कुठं अडकून पडलं कुणास ठाऊक. आता माझं तुला मिळालं असेल, आणि ते वाचताना तुला काय वाटलं असेल याचा मी विचार करतोय.

तू लिहितोस की हॉटेल सोडलं. कॅरोलिनाला सूतगिरणीत लागलास, कताई खात्यात. गिरणीवाले तुझी तिकडं राहायची कागदपत्रं नीट करून देणार आहेत. गिटार दोस्ताकडं ठेवलीस, दाढी काढलीस. पुढं लिहितोस, "अप्पा, अगदी इंजिनिअर नाही, पण यंत्रावर आहे. आता लोकांना सांगताना तुम्हाला खोटं बोलल्यासारखं वाटायला नको. तेवढ्यासाठीच केलं."

पत्र खिशात घालून मी दोन दिवस यार्डात फिरलो. जूनमध्ये हेच पत्र आलं असतं तर पेढे वाटले असते.

तुला एक सांगायचं राहिलंय. मागच्या आठवड्यात करमाळ्याकडचे ज्ञानबा बाजरी घेऊन आले होते. त्यांचं गाव उजनीच्या पाण्यात जाणार. गाड्या रिकाम्या व्हायला वेळ होता म्हणून हाशमभाईंनी कॅसेट लावली. हल्ली दुपारी ते आणि मी ऐकतो, आता ते हसत नाहीत. होडीवाल्याचं गाणं लागलं. ज्ञानबांनी विचारलं, हे काय लावलंय. मी रुद्राणीनं सांगितलं होतं तसंच त्यांना सांगितलं. दरवाजा, म्हैस, चप्पल. ते पोत्याला टेकून बसले होते ते नीट बसले. गाणं संपल्यावर म्हणाले, "त्यानं गावाचं नाव घेतलं का गाण्यात?" मी म्हणालो, घेतलंय. ते म्हणाले, "लई बरं केलं." मग विचारलं, आपल्याकडं असं कुणी करतं का. मी म्हणालो, माझा मुलगा करतो. तो तिकडं गातो. हे मी दुकानात, सगळ्यांसमोर सांगितलं. हमाल होते, शेजारचे अडते होते.  एकानं भाव विचारला.

आणि त्या वेळी तू गिरणीत उभा होतास. माझ्यापायी.

रुद्राणीला दिवाळीनंतर परत कॉलेजात घातलं असं निंगव्वा सांगत होती. गुरुबसप्पा माझ्याशी बोलत नाहीत. यार्डाच्या कामानं सोलापूरला आले तर आपल्या दुकानासमोरून जात नाहीत, मागच्या रस्त्यानं जातात. बरोबर आहे त्यांचं.

काल जेवणानंतर तुझं पत्र अव्वाला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. गिटारचं आलं तिथं मी थांबलो, तर ती म्हणाली, "थांबू नका, वाचा."  मी म्हणालो, "काय लिहू त्याला? नोकरी सोड म्हणायला मला तोंड नाही. धर म्हणायला पण नाही."

ती म्हणाली, "तुमाला कोण इचारतंय? मी सांगते ते लिवा. गिरणी किती वाजता सुटती ते कळीव म्हणावं. माजा भाऊ धा तास मागावर हुबा ऱ्हायचा, आन् भोंगा झाला की तोंड धुऊन मठात भजनाला. गिरणीत गेल्यानं गळा जात न्हाय. ते वाजवायचं दोस्ताकडनं मागून घे म्हणावं. आन् म्हणावं, बापाचं गाणं झालं, आता माजं कर. पर चांगलं कर. मी हितं लोकास्नी ऐकवणार हाय."

मी विचारलं, हे कुणाच्या नावानं लिहू. ती म्हणाली, "माज्या. तुमचं काय आसंल ते तुमी खाली लिवा."

तुझी अव्वा
गौरम्मा

तिच्या खाली माझं लिहायला बसलो होतो. अर्धा तास झाला. तिनं सांगितलं तसं कर, राचप्पा.

सिद्धलिंगप्पा